पेप ग्वार्दिओला

जोसेप "पेप" ग्वार्दिओला साला (जन्म: १८ जानेवारी १९७१, सांतपेदोर, कातालोनिया, स्पेन) हे स्पॅनिश फुटबॉल प्रशिक्षक आणि माजी व्यावसायिक फुटबॉलपटू आहेत. खेळाडू म्हणून त्यांनी एफ.सी. बार्सेलोना संघाकडून १९९० ते २००१ या काळात बचावात्मक मध्यरक्षकाच्या जागेवर खेळ केला आणि या संघाचे कर्णधारपदही भूषवले. स्पेनच्या राष्ट्रीय संघाकडून ते ४७ सामने खेळले. २००६ मध्ये खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यावर ते प्रशिक्षणाकडे वळले. बार्सेलोना, बायर्न म्युनिक आणि मँचेस्टर सिटी या तीन संघांसह त्यांनी स्पेन, जर्मनी आणि इंग्लंड या देशांच्या साखळी स्पर्धा जिंकल्या, तसेच युएफा चॅंपियन्स लीग तीन वेळा जिंकली.

ग्वार्दिओला यांची प्रशिक्षक म्हणून असलेली ओळख त्यांच्या मैदानावरील जागेशी जोडलेली आहे. वेग आणि शारीरिक ताकद बेताची असलेला, परंतु खेळाचा अंदाज घेऊन चेंडू योग्य ठिकाणी पोहोचवणारा मध्यरक्षक ही त्यांची भूमिका होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अशा खेळाडूंची मागणी घटली व त्यांची स्वतःची कारकीर्दही त्यामुळे आक्रसली. पुढे प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी आपल्या संघांची रचना याच भूमिकेभोवती उभी केली.

प्रारंभिक जीवन

ग्वार्दिओला यांचा जन्म बार्सेलोना प्रांतातील सांतपेदोर या लहान गावी झाला. त्यांचे वडील गवंडीकाम करत. १९८४ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, त्यांना बार्सेलोनाच्या 'ला मासिया' या युवा प्रशिक्षण केंद्रात प्रवेश मिळाला. कातालान भाषेत 'मासिया' म्हणजे शेतावरचे जुने घर. काम्प नोऊ मैदानाशेजारच्या अशाच एका जुन्या घरात बाहेरगावच्या मुलांच्या निवासाची सोय होती. येथे राहणारी मुले मुख्य संघाच्या सामन्यांत चेंडू आणून देण्याचे कामही करत. एप्रिल १९८६ मध्ये बार्सेलोनाने स्वीडनच्या गोटेबोर्ग संघाला हरवून युरोपियन चषकाची अंतिम फेरी गाठली, त्या रात्री मैदानावर धावून गेलेल्या मुलांमध्ये पंधरा वर्षांचे ग्वार्दिओला होते. त्या प्रसंगाचे छायाचित्र पुढे प्रसिद्ध झाले.

खेळाडू म्हणून कारकीर्द

क्रॉयफ आणि 'चार क्रमांका'ची जागा

१९८८ मध्ये नेदरलँड्सचे योहान क्रॉयफ बार्सेलोनाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या रचनेत तीन बचावपटूंच्या लगेच पुढे एकच मध्यरक्षक उभा असे. डच परंपरेनुसार या जागेला 'चार क्रमांक' म्हणत, तर स्पॅनिशमध्ये तिला 'पिव्होते', म्हणजे ज्याभोवती इतर फिरतात तो आस, असे म्हटले जाते. बचावपटूंकडून चेंडू घेणे, प्रतिस्पर्ध्याच्या रांगेपलीकडे मोकळ्या असलेल्या सहकाऱ्यापर्यंत तो पोहोचवणे आणि चेंडू गमावल्यास प्रतिहल्ल्याची पहिली वाट अडवणे ही या खेळाडूची कामे होती.

क्रॉयफ युवा संघाचा एक सामना पाहायला गेले, तेव्हा ग्वार्दिओला मैदानाच्या उजव्या बाजूला खेळत होते. मध्यंतरात क्रॉयफ यांनी युवा संघाचे प्रशिक्षक कार्लेस रेक्साक यांना त्या मुलाला मध्यभागी आणायला सांगितले, असे सांगितले जाते. १९९० मध्ये या जागेवरचे लुईस मिल्या हे रेआल माद्रिद संघात गेले आणि जागा रिकामी झाली. १६ डिसेंबर १९९० रोजी कादिझविरुद्धच्या सामन्यात ग्वार्दिओला यांनी ला लीगामध्ये पदार्पण केले. तेव्हा ते १९ वर्षांचे होते. पुढील हंगामापासून ते संघात नियमित झाले.

चणीने सडपातळ असल्यामुळे धक्काबुक्कीत टिकणे त्यांना कठीण जात असे. म्हणून चेंडू येण्यापूर्वीच आजूबाजूला नजर टाकणे, अंग अर्धे वळवून चेंडू घेणे आणि एक-दोन स्पर्शांतच तो पुढे देणे या सवयी त्यांनी अंगी बाणवल्या. बचावपटूच्या पायाशी भिडण्याची वेळ येण्याआधीच चेंडू निघून गेलेला असावा, हा या पद्धतीचा गाभा होता. प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी आपल्या सर्व मध्यरक्षकांकडून याच सवयींची अपेक्षा ठेवली.

'ड्रीम टीम'

क्रॉयफ यांचा हा संघ 'ड्रीम टीम' या नावाने ओळखला जातो. १९९०-९१ ते १९९३-९४ या काळात त्याने सलग चार वेळा ला लीगा जिंकली. २० मे १९९२ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर इटलीच्या साम्पदोरियाला अतिरिक्त वेळेत १-० असे हरवून बार्सेलोनाने पहिल्यांदाच युरोपियन चषक जिंकला. निर्णायक गोल रोनाल्ड कूमन यांनी केला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये स्पेनने अंतिम सामन्यात पोलंडला ३-२ असे नमवून सुवर्णपदक मिळवले. ग्वार्दिओला या दोन्ही संघांत होते.

१९९४ च्या चॅंपियन्स लीग अंतिम सामन्यात मात्र फाबियो कापेलो यांच्या ए.सी. मिलानने बार्सेलोनाचा ४-० असा धुव्वा उडवला. या पराभवानंतर ड्रीम टीम विस्कळीत होत गेली आणि १९९६ मध्ये क्रॉयफ यांनाही पद सोडावे लागले.

कर्णधारपद आणि दुखापती

क्रॉयफ यांच्यानंतर बॉबी रॉबसन आणि लुई व्हान हाल हे बार्सेलोनाचे प्रशिक्षक झाले. व्हान हाल यांनी ग्वार्दिओला यांना कर्णधार नेमले. त्यांच्या कार्यकाळात १९९७-९८ आणि १९९८-९९ अशी दोन साखळी विजेतेपदे मिळाली, मात्र दीर्घ दुखापतीमुळे ग्वार्दिओला यांना बराच काळ बाहेर राहावे लागले आणि १९९८ चा विश्वचषकही हुकला. राष्ट्रीय संघाकडून ते १९९४ चा विश्वचषक आणि २००० ची युरोपीय स्पर्धा खेळले. एप्रिल २००१ मध्ये त्यांनी बार्सेलोना सोडण्याचा निर्णय जाहीर केला. तोपर्यंत ते या संघाकडून ला लीगाचे २६३ सामने खेळले होते व त्यांत त्यांचे केवळ ६ गोल होते. गोलांचा हा आकडा त्यांच्या भूमिकेला साजेसा आहे.

बार्सेलोनानंतरची वर्षे

बार्सेलोना सोडताना ग्वार्दिओला तीस वर्षांचे होते. या काळात युरोपातील बहुतेक मोठे संघ बचावात्मक मध्यरक्षकाच्या जागी उंच, दमदार आणि चेंडू हिसकावून घेणाऱ्या खेळाडूंना पसंती देऊ लागले होते. फुटबॉल अधिक शारीरिक झाले असून आपल्यासारख्या खेळाडूंना आता जागा उरलेली नाही, अशा आशयाचे मत त्यांनी २००४ मध्ये एका इंग्रजी दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत मांडले. आपले कौशल्य घटले नसून खेळच बदलला आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

इटली

२००१ मध्ये ते इटलीच्या सेरी आ स्पर्धेतील ब्रेशा या तुलनेने लहान संघात दाखल झाले. ज्येष्ठ प्रशिक्षक कार्लो मात्सोने यांच्या या संघात रोबेर्तो बाज्जो हेही खेळत होते. २००२-०३ च्या हंगामात ते कापेलो यांच्या रोमा संघात गेले, पण तेथे मोजकेच सामने खेळायला मिळाल्याने हंगामाच्या मध्यातच ब्रेशाला परतले.

ब्रेशातील पहिल्याच हंगामात, २००१ च्या अखेरीस, त्यांच्या दोन उत्तेजक चाचण्यांमध्ये नँड्रोलोन हे द्रव्य आढळल्याचे जाहीर झाले. त्यांच्यावर चार महिन्यांची बंदी घालण्यात आली. आपण कोणतेही बंदी असलेले द्रव्य घेतले नाही, ही भूमिका त्यांनी आरंभापासून घेतली. २००५ मध्ये ब्रेशा येथील न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून सात महिन्यांची स्थगित कारावासाची शिक्षा सुनावली. बंदीचा काळ केव्हाच संपला होता, तरीही ग्वार्दिओला यांनी अपील केले. ऑक्टोबर २००७ मध्ये अपील न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली आणि २००९ मध्ये क्रीडा न्यायाधिकरणानेही त्यांच्या बाजूने निर्णय दिला. हे प्रकरण सुरू झाले तेव्हा ते खेळाडू होते, ते मिटले तेव्हा युरोपविजेत्या संघाचे प्रशिक्षक झाले होते.

कतार आणि मेक्सिको

२००३ ते २००५ या काळात ते कतारमधील दोहा येथील अल-अहली संघाकडून खेळले. २००६ च्या आरंभी त्यांनी मेक्सिकोतील कुलियाकान शहराच्या दोरादोस दे सिनालोआ या संघाशी करार केला. हा संघ खालच्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात होता आणि त्या हंगामाअखेर तो घसरलाही. तरीही ग्वार्दिओला तेथे गेले, याचे प्रमुख कारण संघाचे प्रशिक्षक हुआन मानुएल लिल्यो हे होते. १९९० च्या दशकात लिल्यो स्पेनमधील ओव्हिएदो संघाचे प्रशिक्षक असताना एका सामन्यानंतर ग्वार्दिओला यांनी त्यांची भेट घेतली होती आणि तेव्हापासून दोघांचा स्नेह होता. मेक्सिकोतील काही महिने ग्वार्दिओला यांच्यासाठी खेळाडू म्हणून शेवटचे व प्रशिक्षक म्हणून पहिल्या अभ्यासाचे ठरले. पुढे २०२० मध्ये लिल्यो मँचेस्टर सिटीमध्ये ग्वार्दिओला यांचे सहायक म्हणून रुजू झाले.

प्रशिक्षकपदाची तयारी

ग्वार्दिओला यांच्या नावाचा विचार प्रथम व्यवस्थापनातील पदासाठी झाला होता. २००३ मध्ये बार्सेलोनाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते लुईस बासात यांच्या बाजूने होते आणि बासात निवडून आल्यास ते क्रीडा संचालक होणार होते. निवडणूक जुआन लापोर्ता यांनी जिंकली. पुढे याच लापोर्तांनी ग्वार्दिओलांना प्रशिक्षक केले.

२००६ मध्ये त्यांनी स्पॅनिश फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षक अभ्यासक्रम पूर्ण केला. त्याच वर्षीच्या विश्वचषकावर त्यांनी 'एल पाईस' या दैनिकात लेख लिहिले. त्यांत मेक्सिकोचे तत्कालीन प्रशिक्षक रिकार्दो ला वोल्पे यांच्या संघाची त्यांनी विशेष दखल घेतली होती. ला वोल्पे यांच्या पद्धतीत गोलरक्षकाकडून खेळ सुरू होताना दोन मध्य बचावपटू एकमेकांपासून दूर सरकत आणि मध्यरक्षक त्यांच्यामध्ये खाली येऊन चेंडू घेई. त्यामुळे दोन आघाडीपटूंना तीन जणांवर लक्ष ठेवावे लागे. ही चाल पुढे ग्वार्दिओला यांच्या बार्सेलोनात नेहमी दिसू लागली.

त्याच वर्षी ते चित्रपट दिग्दर्शक व लेखक दाविद त्रुएबा यांच्यासह अर्जेंटिनाला गेले. तेथे त्यांनी १९७८ चा विश्वचषक जिंकून देणारे प्रशिक्षक सेसार लुइस मेनोत्ती आणि मार्सेलो बिएल्सा यांची भेट घेतली. रोसारिओजवळील बिएल्सा यांच्या घरी झालेली ही चर्चा सुमारे अकरा तास चालली आणि डावपेच समजावून सांगण्यासाठी खोलीतील खुर्च्या मांडल्या गेल्या, असे सांगितले जाते. या दौऱ्यानंतर, नोव्हेंबर २००६ मध्ये, त्यांनी खेळाडू म्हणून निवृत्ती जाहीर केली.

बार्सेलोना 'ब' संघ

२००७ मध्ये बार्सेलोनाचा राखीव, म्हणजे 'ब' संघ स्पेनच्या चौथ्या श्रेणीत घसरला होता. संघाचे क्रीडा संचालक चिकी बेगिरिस्ताइन हे ड्रीम टीममधील ग्वार्दिओला यांचे सहकारी होते. त्यांनी युवा विभागाची एकूण देखरेख ग्वार्दिओलांकडे सोपवण्याची इच्छा दाखवली असता, ग्वार्दिओला यांनी त्याऐवजी 'ब' संघाचे प्रशिक्षकपद मागून घेतले. जून २००७ मध्ये त्यांची नेमणूक झाली. ला मासियातील जुने सोबती तितो विलानोव्हा हे त्यांचे सहायक होते.

'क' संघ बंद करून त्यातील निवडक खेळाडू 'ब' संघात सामावून घेण्यात आले. चौथ्या श्रेणीतील या गटात कातालोनियातील गावोगावचे लहान संघ होते. ग्वार्दिओला यांनी प्रतिस्पर्धी संघांचे चित्रीकरण मिळवून त्यांचा अभ्यास करणे, वक्तशीरपणासाठी दंडाचे नियम करणे आणि खेळाडूंच्या आहार-विश्रांतीवर लक्ष ठेवणे या गोष्टी मोठ्या संघाप्रमाणेच येथेही पाळल्या. हंगामाअखेर संघाने गटात पहिला क्रमांक मिळवला आणि पात्रता सामने जिंकून वरच्या श्रेणीत बढती घेतली.

या संघात सर्जियो बुस्केट्स आणि पेद्रो हे दोन तरुण होते. बुस्केट्स उंच आणि काटक होते, पण धावण्यात मंद होते. तरीही त्यांना ग्वार्दिओला यांनी स्वतःच्या जुन्या जागी, पिव्होते म्हणून खेळवले. चौथ्या श्रेणीत खेळलेले हे दोघे दोनच वर्षांनी, ११ जुलै २०१० रोजी, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या पहिल्या अकरांत होते.

बार्सेलोनाचे प्रशिक्षकपद (२००८–२०१२)

नेमणूक

२००७-०८ च्या हंगामात फ्रँक रायकार्ड यांच्या मार्गदर्शनाखालील मुख्य संघाला एकही मोठा चषक जिंकता आला नाही. नव्या प्रशिक्षकाच्या शोधात संघाच्या प्रतिनिधींनी जोझे मोरिन्यो यांच्याशीही बोलणी केली होती. अखेर मे २००८ मध्ये, मोठ्या संघाचा कोणताही अनुभव नसलेल्या ३७ वर्षांच्या ग्वार्दिओला यांची निवड जाहीर झाली. आरंभीच त्यांनी रोनाल्डिन्हो आणि डेको हे तारांकित खेळाडू आपल्या योजनेत नसल्याचे स्पष्ट केले. सॅम्युएल एटो यांनाही त्यांनी तेच सांगितले होते, मात्र सरावातील कामगिरीमुळे त्यांना कायम ठेवण्यात आले.

३१ ऑगस्ट २००८ रोजी ला लीगाच्या पहिल्याच सामन्यात नव्याने बढती मिळालेल्या नुमान्सियाने बार्सेलोनाला १-० असे हरवले. पुढचा, रासिंग दे सांतांदेरविरुद्धचा घरचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला. त्या सामन्यात ग्वार्दिओला यांनी बुस्केट्स यांना साखळीत पदार्पण करू दिले. दोन सामन्यांत एकच गुण मिळाल्याने टीका सुरू झाली असताना क्रॉयफ यांनी आपल्या वृत्तपत्रीय स्तंभातून या खेळाची प्रशंसा केली. तिसऱ्या सामन्यात बार्सेलोनाने स्पोर्टिंग गिहोनवर ६-१ असा विजय मिळवला आणि त्यानंतर गुणतक्त्यात संघाची आगेकूच सुरू झाली.

यश

२ मे २००९ रोजी माद्रिदच्या सांतियागो बेर्नाबेऊ मैदानावर बार्सेलोनाने रेआल माद्रिदला ६-२ असे हरवले. या सामन्यात लिओनेल मेस्सी यांना उजव्या बाजूऐवजी मध्यभागी ठेवण्यात आले, पण ते आघाडीच्या टोकाला न थांबता मध्यक्षेत्रात खाली येत राहिले. माद्रिदच्या मध्य बचावपटूंनी त्यांच्यामागे जावे तर पाठीमागे जागा मोकळी होई, न जावे तर मध्यक्षेत्रात बार्सेलोनाचा एक खेळाडू जास्त होई. 'फॉल्स नाइन' या नावाने ओळखली जाणारी ही भूमिका फुटबॉलमध्ये पूर्वीही होती, परंतु या सामन्यानंतर ती पुन्हा चर्चेत आली.

२७ मे २००९ रोजी रोम येथे मँचेस्टर युनायटेडला २-० असे हरवून बार्सेलोनाने चॅंपियन्स लीग जिंकली. ला लीगा, कोपा देल रे आणि चॅंपियन्स लीग अशी तीनही विजेतेपदे एकाच हंगामात मिळवणारा तो पहिला स्पॅनिश संघ ठरला. २००९ च्या अखेरीपर्यंत स्पॅनिश सुपर चषक, युएफा सुपर चषक आणि क्लब विश्वचषक यांची भर पडून एका वर्षातील विजेतेपदे सहा झाली. २८ मे २०११ रोजी वेंब्ली येथे पुन्हा मँचेस्टर युनायटेडला ३-१ असे हरवून संघाने दुसऱ्यांदा चॅंपियन्स लीग जिंकली. चार हंगामांत १९ पैकी १४ स्पर्धा जिंकून, थकव्याचे कारण देत, ग्वार्दिओला यांनी एप्रिल २०१२ मध्ये पद सोडण्याचे जाहीर केले. त्यानंतरचे वर्ष त्यांनी न्यू यॉर्कमध्ये विश्रांतीत घालवले.

बायर्न म्युनिक आणि मँचेस्टर सिटी

२०१३ ते २०१६ या काळात ते जर्मनीच्या बायर्न म्युनिकचे प्रशिक्षक होते. तिन्ही हंगामांत संघाने बुंडेसलीगा जिंकली, मात्र चॅंपियन्स लीगमध्ये तिन्ही वेळा उपांत्य फेरीत पराभव पत्करावा लागला. जगातील उत्तम उजव्या बचावपटूंपैकी एक असलेल्या फिलिप लाम यांना त्यांनी मध्यरक्षक म्हणून खेळवले. बगलेच्या बचावपटूंना कडेने धावण्याऐवजी मध्यक्षेत्रात आणण्याची पद्धतही येथे रूढ झाली.

२०१६ मध्ये त्यांनी मँचेस्टर सिटीची सूत्रे स्वीकारली. पहिल्या हंगामात एकही चषक मिळाला नाही. २०१७-१८ मध्ये मात्र संघाने १०० गुण व १०६ गोलांसह प्रीमियर लीग जिंकली. या स्पर्धेत शंभर गुण मिळवणारा हा पहिला संघ होता. २०२०-२१ ते २०२३-२४ अशी सलग चार विजेतेपदे मिळवण्याची कामगिरी इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत त्यापूर्वी कोणालाही साधली नव्हती.

२९ मे २०२१ रोजी पोर्तो येथे चेल्सीविरुद्ध झालेल्या चॅंपियन्स लीगच्या अंतिम सामन्यात ग्वार्दिओला यांनी रोद्री आणि फर्नान्दिन्हो या दोन्ही बचावात्मक मध्यरक्षकांना सुरुवातीच्या अकरांतून वगळले. सिटीचा १-० असा पराभव झाला. ज्यांची स्वतःची ओळख त्या जागेवरून झाली होती, त्यांनीच ती जागा नेहमीच्या खेळाडूविना ठेवल्यामुळे या निर्णयावर मोठी टीका झाली. दोन वर्षांनी, १० जून २०२३ रोजी, इस्तंबूल येथे सिटीने इंटर मिलानला १-० असे हरवून ही स्पर्धा पहिल्यांदा जिंकली. एकमेव गोल रोद्री यांचा होता. २०२४ मध्ये रोद्री यांना बॅलन डी'ऑर पुरस्कार मिळाला.

खेळपद्धती

ग्वार्दिओला यांची पद्धत 'स्थानाधारित खेळ' या नावाने ओळखली जाते. तिची मुळे क्रॉयफ आणि व्हान हाल यांच्या डच परंपरेत आहेत. तिची प्रमुख तत्त्वे पुढीलप्रमाणे आहेत:

- मैदानाची विभागणी: सराव मैदानावर उभ्या-आडव्या रेषा आखून चौकटी केल्या जातात. एकाच रांगेत गरजेपेक्षा अधिक खेळाडू येऊ नयेत, म्हणजे चेंडू असलेल्या खेळाडूला नेहमी निरनिराळ्या कोनांत पर्याय मिळतात.
- संख्याधिक्य: चेंडूभोवती प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक खेळाडू जास्त असावा. गोलरक्षक, मागे येणारा आघाडीपटू किंवा मध्यक्षेत्रात शिरणारा बचावपटू यांपैकी कोणीही हा 'मोकळा खेळाडू' असू शकतो.
- तिसरा खेळाडू: पहिल्याने दुसऱ्याकडे चेंडू दिला की दुसरा तो लगेच तिसऱ्याकडे सोपवतो. पहिल्यापासून तिसऱ्याकडे जाण्याचा सरळ मार्ग बंद असला, तरी दुसऱ्यामार्फत तो खुला होतो.
- ताबडतोब पाठलाग: चेंडू गमावल्यावर पहिल्या काही सेकंदांत तो परत मिळवण्याचा प्रयत्न करायचा. पासांमुळे खेळाडू आधीच एकमेकांजवळ आलेले असल्याने हे शक्य होते.

सरावात 'रोंदो' या खेळाला महत्त्व असते. त्यात रिंगणात उभे असलेले खेळाडू एक-दोन स्पर्शांत चेंडू फिरवतात आणि मधले एक-दोन जण तो अडवण्याचा प्रयत्न करतात. जलद निर्णय आणि अंग वळवून चेंडू घेणे या गोष्टी यातून अंगवळणी पडतात.

या तत्त्वांचा एकत्रित परिणाम म्हणजे संघातील बहुतेक जागांवर मध्यरक्षकाचे गुण असलेले खेळाडू दिसू लागले. बार्सेलोनात हाव्हिएर मास्चेरानो आणि बायर्नमध्ये योशुआ किमिश या मध्यरक्षकांना मध्य बचावपटू म्हणून खेळवले गेले, तर सिटीत जॉन स्टोन्स हे बचावपटू मध्यक्षेत्रात येऊ लागले. डिसेंबर २०११ मध्ये क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलच्या सांतोसला ४-० असे हरवणाऱ्या बार्सेलोनाच्या पहिल्या अकरांत रूढ अर्थाने एकही मध्य आघाडीपटू नव्हता.

टीका

ग्वार्दिओला यांचे यश मोठ्या आर्थिक बळाच्या संघांतच आले, असा आक्षेप घेतला जातो. बार्सेलोनात त्यांना मेस्सी, चावी आणि इनिएस्टा यांची पिढी लाभली, तर सिटीने खेळाडूंच्या खरेदीवर प्रचंड खर्च केला. दुसरा आक्षेप महत्त्वाच्या सामन्यांत रचना बदलण्याच्या त्यांच्या सवयीवर आहे. एप्रिल २०१४ मध्ये म्युनिक येथे रेआल माद्रिदकडून ०-४ असा पराभव झाल्यावर त्यांनी स्वतः चूक मान्य केली होती. त्यांच्या पद्धतीच्या अनुकरणामुळे अनेक संघांचा खेळ एकसारखा आणि अतिनियंत्रित झाला, असेही काही समीक्षकांचे मत आहे.

प्रभाव

ग्वार्दिओला यांच्यानंतर मध्यरक्षक म्हणून खेळलेल्या अनेकांनी प्रशिक्षणात नाव मिळवले. बायर्नमध्ये त्यांच्या हाताखाली खेळलेले शाबी आलोन्सो यांनी २०२३-२४ मध्ये बायर लेव्हरकुसेनला एकही साखळी सामना न गमावता बुंडेसलीगा जिंकून दिली. ला मासियात घडलेले मिकेल आर्तेता २०१६ ते २०१९ या काळात सिटीमध्ये त्यांचे सहायक होते आणि पुढे आर्सेनलचे प्रशिक्षक झाले. बार्सेलोनातील त्यांचे मध्यरक्षक चावी यांनी २०२२-२३ मध्ये प्रशिक्षक म्हणून बार्सेलोनाला ला लीगा जिंकून दिली.

भारतीय फुटबॉलशी या परंपरेचा संबंध सर्जियो लोबेरा यांच्यामुळे आला. बार्सेलोनाच्या युवा विभागात काम केलेले आणि २०१२ मध्ये विलानोव्हा यांच्या सहायकांमध्ये असलेले लोबेरा २०१७ मध्ये एफ.सी. गोवाचे प्रशिक्षक झाले. चेंडूवर ताबा ठेवून छोट्या पासांनी आक्रमण करणारा संघ म्हणून गोव्याची ओळख याच काळात झाली. २०२० च्या आरंभी लोबेरा यांच्या जागी गोव्याचेच माजी मध्यरक्षक क्लिफर्ड मिरांडा यांनी हंगामी सूत्रे सांभाळली आणि संघाने इंडियन सुपर लीगच्या साखळी फेरीत अव्वल स्थान मिळवले. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफ.सी.मध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला. लोबेरा यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २०२०-२१ मध्ये साखळी फेरीतील अव्वल स्थान आणि अंतिम विजेतेपद दोन्ही पटकावले.

कारकिर्दीचा आढावा

खेळाडू म्हणून संघ

- बार्सेलोना (१९९०–२००१)
- ब्रेशा (२००१–०२)
- रोमा (२००२–०३)
- ब्रेशा (२००३)
- अल-अहली, दोहा (२००३–०५)
- दोरादोस दे सिनालोआ (२००६)
- स्पेन राष्ट्रीय संघ: ४७ सामने, ५ गोल

खेळाडू म्हणून प्रमुख विजेतेपदे

- ला लीगा: १९९०-९१, १९९१-९२, १९९२-९३, १९९३-९४, १९९७-९८, १९९८-९९
- युरोपियन चषक: १९९१-९२
- युएफा कप विनर्स चषक: १९९६-९७
- ऑलिंपिक सुवर्णपदक: १९९२

प्रशिक्षक म्हणून प्रमुख विजेतेपदे

- ला लीगा (बार्सेलोना): २००८-०९, २००९-१०, २०१०-११
- बुंडेसलीगा (बायर्न म्युनिक): २०१३-१४, २०१४-१५, २०१५-१६
- प्रीमियर लीग (मँचेस्टर सिटी): २०१७-१८, २०१८-१९, २०२०-२१, २०२१-२२, २०२२-२३, २०२३-२४
- युएफा चॅंपियन्स लीग: २००८-०९, २०१०-११ (बार्सेलोना), २०२२-२३ (मँचेस्टर सिटी)

हे सुद्धा पहा

- योहान क्रॉयफ
- एफ.सी. बार्सेलोना
- सर्जियो बुस्केट्स
- मध्यरक्षक (फुटबॉल)
- एफ.सी. गोवा
- मुंबई सिटी एफ.सी.